लिसेतच्या लग्नाचा तुंता

"मावशी, पोतं वर टाका, टपावर."

"नाही."

"अहो, आत माणसांना पाय ठेवायला जागा नाही, आणि तुमचं हे पोतं..."

"मग मला टपावर टाक," वहिनी म्हणाली. "पोतं आत राहू दे."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तरी या बाईला सांगा, असा त्याचा चेहरा. मी कशाला सांगू? बासिलिया वहिनीला सांगून काही होत असतं तर माझं निम्मं आयुष्य भांडण्यात गेलं नसतं. शेवटी कंटाळून त्यानं स्वतःच पोत्याला हात घातला, जड असेल म्हणून चांगला जोर लावून उचललं, आणि पोत्यासकट मागच्या मागे पडता पडता वाचला.

"ह्यात आहे तरी काय? कापूस?"

"बटाटा आहे," मी म्हटलं. "तळाचा तर तुझ्याहून वयानं मोठा असेल. जरा मान ठेवून धर."

बसमधली माणसं हसली. वहिनी हसली नाही. तिनं पोतं दोन गुडघ्यांमध्ये घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं, डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर ठेवली आणि एल आल्तो शहर येईपर्यंत तशीच बसून राहिली. माझ्या मांडीवर मी घरी केलेला चीजचा गोळा होता. तो आंबला नाहीये ना, याची तिनं मला दोनदा विचारून खात्री केली होती.

आम्ही लिसेतच्या लग्नाला निघालो होतो. लिसेत वहिनीची एकुलती एक मुलगी, माझी भाची. आणि पोत्यात तिच्या लग्नाचा तुंता होता.

तसा सुकवलेला बटाटा आमच्या पठारावर कुणाच्या घरी नसतो? काळा चुन्यो तर आम्ही रोजच खातो. हिवाळ्यात बटाटा रात्री उघड्यावर गोठवायचा, सकाळी ऊन लागून सैल झाला की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचा, कणगीत भरायचा. पाऊस आला न आला, कणगीत चुन्यो असला की घर तगून राहतं. तुंता पांढरा. त्याचे लाड फार. तो गोठवायचा पण उन्हाचा कवडसा पडू द्यायचा नाही, मग पेंढ्यात गुंडाळून नदीच्या वाहत्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवायचा, काढून पुन्हा गोठवायचा आणि तेव्हा कुठे तुडवायचा. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून बायकांची बोटं वाकडी होतात. पण एकदा वाळला की तो म्हातारा होत नाही. कीड नाही, बुरशी नाही, उंदीर दात लावून निघून जातो.

आमच्याकडे मुलगी झाली की त्या वर्षापासून आई दर हिवाळ्यात थोडा तुंता तिच्या नावानं बाजूला ठेवते. तो विकायचा नाही, खायचा नाही, शेजारणीला उसना द्यायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्यांच्या दारात न्यायचा आणि त्यांनी आपल्या हातानं तो पाण्यात भिजवायचा. एकदा पाणी लागलं की तुंता परत पोत्यात भरता येत नाही, शिजवावाच लागतो. म्हणजे भिजवला की मुलगी घेतली. दुसऱ्या दिवशी जेवणात सगळ्यात आधी तो ताटात पडतो, पोटात चीज भरून वाफवलेला. म्हातारी माणसं तो दाताखाली धरून बघतात आणि आई कशी बाई आहे ते ठरवतात. मुलीचं रूपबिप नंतर.

माझा भाऊ अन्सेल्मो खाणीत होता. छातीत धूळ भरून तो गेला तेव्हा लिसेत दुडुदुडु चालायला लागली होती. मागे राहिलं काय, तर दगडाधोंड्यांचं एक वावर आणि उधारीवरचे बैल. दुसऱ्यांच्या शेतात दिवस काढायचे, त्या बदल्यात त्यांनी आपलं वावर नांगरून द्यायचं, असं वहिनीचं चाललं. तरी दर हिवाळ्यात ती वेचून वेचून चांगला बटाटा वेगळा काढायची आणि नदीवर जायची. उरलेला किडका, हिरवा, दबलेला आम्ही खायचो. मी शेजारीच एकटी राहते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे दोन्ही घरची चूल बहुतेक वेळा एकच असायची.

मग ते कोरडं वर्ष आलं. खरं म्हणजे ती सलग दोन होती. पहिल्या वर्षी काळा चुन्यो पुरला. दुसऱ्या वर्षी मेंढ्या मरायला लागल्या, त्या खाल्ल्या. मग जवाचा कोंडा. मग डोंगरावरची कसली कसली मुळं. आणि खोलीच्या कोपऱ्यात, तुळईला टांगलेलं, लिसेतचं पोतं.

लिसेत तेव्हा पाच वर्षांची. तिचं अंथरूण बरोबर त्या पोत्याखाली. एकदा ती पेटीवर चढली आणि पोत्याच्या शिवणीत बोट घालायला लागली. वहिनीनं तिच्या हातावर फटका मारला.

"हात लावू नकोस! तुझ्या लग्नाचा आहे."

पोरीनं हात पाठीमागे लपवला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन विचारते कशी,

"आत्या, आज आहे का गं माझं लग्न?"

पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. मी सगळ्या गावात सांगत सुटले. मग ती रोज विचारायला लागली. रोज सकाळी, डोळे चोळत चोळत, आज आहे का, आज आहे का. मग आम्हाला हसू येईना.

मी भांडले. देवाशपथ भांडले.

"वहिनी, काढ ते पोतं खाली. आधी पोरगी जगू दे, लग्नाचं मग बघू."

"जगेल ती."

"कशावर? हवेवर?"

"माझ्या आईनं याहून वाईट दिवसांत माझा तुंता राखला, गोया. हिला बाप नाही, जमीन नाही. वर तुंता पण नाही म्हटलं तर हिला काय म्हणून पाठवू? लोक म्हणतील रस्त्यावरून उचलून आणलीय."

"लोक! लोक येतायत का आत्ता हिला भरवायला?"

"तुला मूल नाही. तुला नाही कळायचं."

हे ती बोलली. मी उठले आणि माझ्या घरी गेले, आणि पाऊस पडेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. फक्त रोज संध्याकाळी पोरीला बोलावून माझ्यातलं काही असेल ते द्यायची. वहिनीनं स्वतः खाल्लं आणि पोरीला उपाशी ठेवलं असं मात्र कुणी म्हणू नये. मी खिडकीतून पाहिलंय, ती मिठाचं पाणी उकळून प्यायची आणि वाटी पुसून ठेवायची, जेवल्यासारखी. पुढचे दात तिचे त्याच वर्षी पडले. पण पोत्याची शिवण तिनं उसवली नाही. माणूस आहे का दगड, असं मी तेव्हा म्हणायची. अजूनही ठरवता आलेलं नाही.

पाऊस आला. लिसेत जगली, काडीसारख्या पायांनी का होईना. आज आहे का माझं लग्न, हे मात्र तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. जरा मोठी झाली तशी शहरात हुस्तिनाबाईंच्या कापडाच्या दुकानात कामाला लागली, आणि काही वर्षांनी हुस्तिनाबाईंच्याच मुलाला, एडसनला, पसंत पडली. निरोप आला तेव्हा वहिनीनं आधी पोतं खाली काढून उन्हात ठेवलं आणि मग मला सांगायला आली.

हुस्तिनाबाईंची इमारत बघून माझी तर मानच मोडली. पाच मजले, बाहेरून हिरवा-नारिंगी रंग, जिकडे तिकडे आरसे. खाली दुकानं, मध्ये भाड्यानं द्यायचा लग्नाचा हॉल, वर स्वतः राहायचे. लिसेत दारात आली, आम्हाला मिठी मारली. तिची नजर पोत्यावर गेली तसं तिचं तोंड जरा उतरलं. मला वाटलं, दमली असेल. लग्नघर आहे.

"तू हे खरंच घेऊन आलीस, आई?"

"म्हणजे काय?" वहिनी म्हणाली. "त्याच्याशिवाय येऊ?"

लिसेतला कुणीतरी हाक मारली, ती आत गेली. तेवढ्यात हुस्तिनाबाई आल्या. सोन्याचे दात, टोपीला सोन्याची पिन, चालताना घागऱ्याचा नुसता सळसळाट. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्या नाक मुरडणार. पण बाईंनी पोत्यात हात घातला, एक तुंता काढून बोटानं टिचकी मारली, खडूसारखा आवाज आला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगंबाई! असला तुंता किती वर्षांनी बघतेय. विहीणबाई, हा तुम्ही केलात?"

"तिच्या जन्मापासून," वहिनी म्हणाली.

"माझी आई असा करायची. इकडे बाजारात मिळतो तो नुसता चुना." त्यांनी बाह्या वर केल्या. "चला, भिजवू या. मीच भिजवते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

स्वयंपाकघरामागच्या चौकात दोन निळे प्लास्टिकचे टब मांडले. हुस्तिनाबाईंनी अंगठ्या काढून मला धरायला दिल्या, पोतं स्वतः उसवलं, तुंता टबात ओतला आणि वरून पाणी सोडलं. वहिनी बाजूला उभी होती. पाणी पडायला लागलं तशी ती भिंतीला टेकून खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काही काम नसताना बसलेली बघत होते. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंड हसरं.

"भिजवला गं, गोया," ती म्हणाली. "त्यांनी भिजवला."

मी चीजचा गोळा आचारणीकडे दिला, नीट गार जागी ठेव म्हणून सांगितलं. त्या रात्री वहिनी लहान मुलीसारखी झोपली.

दुसऱ्या दिवशी चर्च झालं, नाच झाला, आहेराचे बिअरचे क्रेट भिंतीला लागून छातीएवढे रचले गेले. हॉलमध्ये इतके दिवे की माणसाला स्वतःची सावली सापडू नये. आम्हाला पुढच्या टेबलावर बसवलं. मागच्या टेबलावर आमच्या पठारावरची चार म्हातारी माणसं होती, हुस्तिनाबाईंच्या माहेरची. त्यातले तोरिबिओ आजोबा वहिनीला ओळखत होते.

जेवण आलं. कोंबडीची भलीमोठी तंगडी, भात आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्यांचा ढीग. वाढणारा पोरगा अभिमानानं सांगत होता की बटाटा साधासुधा नाही, परदेशातनं गोठवून पाकिटातनं आलाय. मला हसायलाच आलं. बटाट्याच्या जन्मगावी जहाजातनं बटाटा आला, आणि तोही गोठवून! मी एक काडी खाल्ली. तेलाची चव होती. बटाट्याची मला तरी लागली नाही.

वहिनीनं ताटाला हात लावला नाही.

"खा की."

"आधी तुंता येईल."

"अगं, हे वाढलंय ना समोर."

"गोया, तुला रीत माहीत नाही का? आधी तुंता. चुकून मागेपुढे झालं असेल. येईल."

ती हात मांडीवर ठेवून बसली. आजूबाजूचे सगळे जेवत होते. बँड वाजत होता. कोंबडीवरचं तेल गोठून पांढरं झालं तरी ती दाराकडे बघत बसली होती. नवा घागरा घातला होता तिनं, मोरपंखी, मला चार वेळा विचारून घेतलेला. शेवटी मागून तोरिबिओ आजोबांनी तिच्या खांद्याला हात लावला.

"बासिलिया, पोरी, तुझा तुंता दिसला नाही अजून?"

"येतोय," ती म्हणाली.

"मी दात राखून ठेवलेत हो त्याच्यासाठी. आहेत तेवढे."

"येतोय, आजोबा."

मला राहवेना. मी उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. मागच्या चौकात दोन्ही टब होते तसेच होते, वर गोणपाट टाकलेलं. मी गोणपाट काढलं. तुंता टम्म फुगला होता, पांढराशुभ्र, जन्मात पाहिला नाही असा. चूल थंड.

"अगं बाई, हा शिजवला का नाहीस?" मी आचारणीला म्हटलं. "पाहुणे जेवून उठायला आले!"

"मला नको म्हणून सांगितलंय."

"कोणी? हुस्तिनाबाईंनी?"

"नाही हो. त्या तर सकाळी विचारून गेल्या, शिजला का म्हणून. नवरीनं सांगितलं. शिजवायचा नाही, वाढायचा नाही."

"खोटं बोलू नकोस."

"मी कशाला खोटं बोलू? तिलाच विचारा."

मी वळले तर माझ्या मागे वहिनी उभी. सगळं ऐकलेलं. आणि वहिनीच्या मागून, आई उठून गेलेली बघून, पांढरा पोशाख दोन्ही हातांनी उचलून धरत लिसेत आली. तिनं टब पाहिला, आमची तोंडं पाहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

"त्यांना आवडत नाही का गं?" वहिनीनं हळूच विचारलं. "तुझ्या सासूला?"

"त्यांना हवा होता. मला नको."

"खराब झालाय का? वास येतो?"

"खराब नाही झाला, आई! खराब झाला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्याकडे बघवत नाही." लिसेतचा आवाज चढला. "मी त्या पोत्याखाली झोपायची. भूक लागली की झोप येत नाही, माहितेय ना तुला? मी रात्रभर वर बघत पडायची. मला वाटायचं, लग्न झालं की खायला मिळतं. पाच वर्षांची होते मी. त्या वर्षी गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं मला एक तुंता दाखवला असता ना, तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं."

"अगं, तुझ्यासाठीच ठेवला होता ना..."

"ठेवलास. दिला नाहीस."

वहिनीनं भिजलेला एक तुंता उचलून हातात धरला.

"एवढी वर्षं मी काही बोलले का? नाही बोलले. आता एक दिवस, फक्त एक दिवस माझ्या ताटात काय असावं हे मला ठरवू दे. मी तो माझ्या लग्नात खाणार नाही, आणि दुसऱ्यांना खाताना बघणार पण नाही."

त्यातला शब्द न् शब्द मी स्वतः वहिनीला ऐकवलेला होता, त्या कोरड्या वर्षात, याहून मोठ्या आवाजात. पोरगी खरं बोलत होती. आणि तरी मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. असलं माझं मन. आईनं मिठाचं पाणी पिऊन काढलेले दिवस तिला कुठे दिसले होते? दिसले असते तरी भूक कमी झाली असती का?

लिसेतचं काजळ गालावर आलं होतं. बाहेरून बँडवाला नवरीला हाका मारत होता. तिनं हाताच्या पाठीनं गाल पुसले.

"जेवून घे, आई," जाता जाता ती म्हणाली. "दुसरं गरम ताट मागव. ते गार झालं असेल."

वहिनीनं हातातला तुंता परत टबात ठेवला. मग आचारणीला म्हणाली, "ह्याचं आता काय करणार?"

"सकाळी डुकरांचा माणूस येतो उष्टं न्यायला. त्याला द्यायचं म्हटलंय."

"बरं," वहिनी म्हणाली. "गच्चीची वाट कुठून आहे?"

मी तिला सांगून पाहिलं. वहिनी, चल, झालं ते झालं, आपण इथेच चार मुठी शिजवून खाऊ, मी चीज मागून घेते. ती ऐकते कसली! भिजलेला तुंता पुन्हा गोठवून वाळवायचा, हे आमच्याकडे कुणी केलेलं नाही, पण तिनं ठरवलं होतं. कोरडा होता तेव्हा एका हातानं उचलावा असा तो तुंता, आता टब जागचा हलेना. बादल्या भरभरून आम्ही दोघी जिन्यानं वर नेत होतो, अंगावर नवे घागरे, खाली नाच चाललेला. जिन्यात भेटलेल्या पाहुण्यांना वाटलं कामवाल्या आहेत. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

बिअरच्या क्रेटांवर घातलेली ताडपत्री वहिनीनं काढून आणली होती, ती गच्चीवर पसरली आणि तिच्यावर तुंता एकेक करून मांडला, एकाला दुसरा लागणार नाही असा. मग मान वर करून हवेचा वास घेतला.

"आज चांगलं गोठेल," ती म्हणाली. दिवसभरात तिच्या आवाजात पहिल्यांदा जीव होता.

सान हुआनच्या सणाच्या आसपासचे, ऐन हिवाळ्यातले दिवस, पठारावरची थंडी. चांगलंच गोठलं. सकाळी आम्ही वर गेलो तर तुंता दगड झालेला, एकमेकांवर आपटला की वाजत होता. ऊन येऊन तो जरा सैल होईपर्यंत आम्ही टाकीच्या आडोशाला बसून राहिलो. मग वहिनीनं बूट काढले, मोजे काढले, मोरपंखी घागरा कमरेला खोचला आणि ताडपत्रीवर चढली. टाच दाबायची, बोटं फिरवायची, पुढे सरकायचं. तिचे पाय मला ओळखीचे, भेगांत माती मुरलेले. शेजारच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. कुणीतरी हसलं.

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू दे. ओला टाकून कसं जायचं?"

हुस्तिनाबाई शाल गुंडाळून वर आल्या, दोन पावलांवर थबकल्या. मला वाटलं नव्या फरशीवरून बोलतील.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मी भिजवला होता हो. माझ्या हातानं भिजवला होता. आता सुनेपुढे मी तरी काय बोलू, पहिल्याच दिवशी?"

"तुमच्याकडून काही चुकलं नाही," वहिनी म्हणाली. पाय थांबले नाहीत. हुस्तिनाबाई थोडा वेळ त्या पायांकडे बघत राहिल्या आणि खाली गेल्या.

मीही बूट काढायला बसले. अन्सेल्मोच्या पोरीचा तुंता, परक्यांच्या गच्चीवर एकट्या बाईनं तुडवायचा म्हणजे काय! असा राग आला होता म्हणून सांगू, पण कुणाचा ते विचारू नका. लेस सोडत होते तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं.

लिसेत होती. अंगात नवऱ्याचं जाकीट, वेण्या सुटलेल्या, पायात कुणाच्या तरी चपला. रात्रभर झोपली नव्हती आणि बहुतेक जेवलीही नव्हती; नवरीला कोण जेवू देतं? मी बसले होते त्या बाजूला ती आली नाही. ताडपत्रीच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली. ऊन चढायला लागलं होतं आणि तुडवलेल्या तुंत्याचा वास गच्चीभर पसरला होता, ओल्या मातीचा, नदीचा, आमच्या घराचा. वहिनीची तिच्याकडे पाठ होती.

लिसेत खाली बसली. गुडघ्यांवर, अगदी लहानपणी बसायची तशी. कडेचा एक तुंता तुडवून पांढरा झाला होता, पाणी निथळत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच हात पुढे केला.

घे बाई, मी मनात म्हणत होते, घे, एकदाचा घे.

चपलेचा आवाज झाला म्हणून असेल, वहिनी गर्रकन वळली. तिला पोरीचा चेहरा दिसलाच नसणार. तिला फक्त हात दिसला, तुंत्याकडे जाणारा. तिनं वाकून त्या हातावर फटका मारला.

"हात लावू नकोस! तुझ्या लग्नाचा..."

आणि ती थांबली.

लग्न काल झालं होतं.

लिसेतनं हात मागे घेतला. पाठीमागे लपवला. ती रडली नाही. उठली, जाकीट सारखं केलं आणि जिन्यानं खाली गेली. चपलांचा आवाज पार खालपर्यंत ऐकू येत होता.

वहिनी एक पाय उचललेला तशीच उभी होती. शेजारच्या गच्चीवरची बाई चिमटे लावायचे विसरून बघत होती. मग वहिनीनं तो पाय खाली ठेवला. बोटांच्या फटींतून पाणी आलं आणि ताडपत्रीच्या कडेनं फरशीवर वाहत गेलं. मी दुसरा बूट काढला आणि तिच्या शेजारी जाऊन तुडवायला लागले.